एक डॉलरचा खेळाडू

दर वर्षी ऑक्टोबरच्या मधल्या एखाद्या रविवारी आमच्या सावेडीतल्या घराच्या वरच्या खोलीत दहा पोरं जमतात. कोणी पाइपलाइन रोडचा, कोणी प्रोफेसर कॉलनीचा, दोघे पुण्याहून एसटीने येतात. पुढ्यात लॅपटॉप, चहाचा थर्मास आणि बेकरीतून आणलेली खारी. माझा भाचा पहिल्या वर्षी म्हणाला, "मामू, तुम बोली पुकारो. आपस में पुकारेंगे तो झगडा होगा." आयुष्यभर हिशेब तपासण्याचं काम केलेला माणूस घरात फुकट मिळत होता, म्हणून वही माझ्याकडे आली. अमेरिकेतल्या बास्केटबॉल खेळाडूंचा खोटा लिलाव मी सावेडीत बसून पुकारतो, हे मशिदीतल्या माझ्या मित्रांना अजून नीट पटलेलं नाही. एकाने स्पष्टच विचारलं, हा जुगार तर नाही ना? नाही. कोणी पैसे लावत नाही. जिंकणाऱ्याला एक पितळी कप मिळतो, तोही वर्षाने परत करायचा असतो. २०२५ च्या कायद्याने पैशांवर चालणारे ऑनलाइन खेळ बंद झाले, तेव्हा आमच्या खोलीत काहीही बदललं नाही.

खेळ असा. प्रत्येकाकडे कागदावरचे २०० डॉलर. त्यातून १३ खेळाडू घ्यायचे. मग हंगामभर एनबीएच्या खऱ्या सामन्यांत त्या खेळाडूंनी जे गुण, रिबाउंड, पास केले, ते तुमच्या खात्यात जमा होतात. काही ठिकाणी खेळाडू पाळीपाळीने निवडतात. आमच्याकडे लिलाव, कारण लिलावात कोणालाही कोणताही खेळाडू मिळू शकतो, फक्त किंमत मोजायची तयारी हवी. किमान बोली एक डॉलर. पहिल्या तासाभरात पोरं मोठ्या नावांवर उधळतात आणि मग वहीकडे बघतात. समजा चार खेळाडूंतच १५० डॉलर संपले. उरले ५० डॉलर आणि नऊ जागा. म्हणजे पुढच्या नावावर तुम्ही जास्तीत जास्त ४२ बोलू शकता, कारण बाकीच्या आठ जागांसाठी एकेक डॉलर राखून ठेवावाच लागतो. हे गणित चुकवणारा एक जण दर वर्षी निघतोच. त्याला समजावणं माझं काम.

दुसरं काम म्हणजे खोट्या बोलीवर लक्ष ठेवणं. दुसऱ्याला अमुक खेळाडू हवाय हे ओळखून, स्वतःला नको असताना किंमत चढवत न्यायची. इंग्रजी पुस्तकी भाषेत याला धोरण म्हणतात. आपल्याकडे याला नज्श म्हणतात आणि व्यापारात ते मना आहे. मी हे सांगितलं तर एक पोरगा हसून म्हणाला, "काका, पण माझ्या गळ्यात पडला तर मलाच घ्यावा लागतो ना!" त्याचं म्हणणं अगदीच चूक नाही. गळ्यात पडण्याची भीती हाच इथला चाबूक आहे.

खरी मेख मात्र लिलावात नाही, लिलावाच्या आधी आहे. आमची लीग 'कीपर' प्रकारची. म्हणजे हंगाम संपल्यावर सगळे खेळाडू परत बाजारात जात नाहीत. प्रत्येकाने तीन खेळाडू राखायचे, ज्या किमतीला घेतले त्याच किमतीला. तेवढी रक्कम पुढच्या वर्षीच्या २०० मधून वजा होते. त्यामुळे राखण्याजोगा खेळाडू म्हणजे सर्वात चांगला खेळाडू नव्हे. ज्याची किंमत आणि लायकी यांत सर्वात मोठं अंतर आहे, तो. ६० डॉलरला घेतलेला राजा ६० लाच राखण्यात काय फायदा? एक डॉलरला घेतलेला शिपाई जर सरदार निघाला, तर ते सोनं.

आमच्याकडे असं सोनं ऑस्टिन रीव्जच्या रूपाने निघालं. २०२१ च्या एनबीए निवडीत या पोराला ६० नावांमध्ये कोणी घेतलं नव्हतं. नंतर लॉस एंजेलिस लेकर्सने त्याला संघात ठेवून घेतलं. २०२२ च्या आमच्या पहिल्या लिलावात शेवटी-शेवटी सगळे जांभया देत असताना एका मुलाने त्याला एक डॉलरला उचललं. दोन वर्षांत रीव्ज संघाचा कणा झाला, २०२४-२५ च्या हंगामात तर सामन्यामागे वीसच्या घरात गुण करू लागला. आमच्या वहीत तो एक डॉलरच राहिला. पितळी कप दोन वर्षं त्याच मुलाच्या घरी.

२०२४ च्या ऑक्टोबरला लिलावाआधीच भांडण पेटलं. इतरांचं म्हणणं, राखलेल्या खेळाडूची किंमत दर वर्षी चढली पाहिजे. त्या मुलाचं म्हणणं, "मी ओळखला तेव्हा कोणी तोंड उघडलं नव्हतं. आता दिसायला लागलं तर नियम बदलता?" तोही खरं बोलत होता. पारखणाऱ्याला पारखण्याचं काही मिळालंच पाहिजे. नाहीतर शेवटच्या जागांवर मेहनत कोण घेईल?

निर्णय द्यायचा म्हणून मी जरा जुनं शोधलं. फँटसी खेळाचा हा प्रकार १९८० मध्ये न्यूयॉर्कला डॅनियल ओक्रेंट नावाच्या पत्रकाराने मित्रांबरोबर बेसबॉलवर सुरू केला. ज्या फ्रेंच हॉटेलात ते जेवायला जमायचे, त्याच्या नावावरून खेळाला रोटिसेरी म्हणू लागले. त्यांच्या नियमांत कराराची सुंदर शिडी होती. खेळाडू दोन हंगाम मूळ किमतीला ठेवता येई. मग तीन वाटा: सोडून द्या, आणखी एकच वर्ष त्याच किमतीला ठेवून मग बाजारात जाऊ द्या, किंवा लांब मुदतीचा करार करा. लांब करार केला तर वाढवलेल्या दर वर्षामागे पाच डॉलर चढवायचे. म्हणजे ३ डॉलरच्या खेळाडूला दोन वर्षं जादा बांधायचं, तर तो १३ चा होणार. आणि मध्येच तो ढेपाळला, तर भोगा. हे मला फार आवडलं. चार मित्रांनी जेवणाच्या टेबलावर बसून, खऱ्या खेळाडूचा एक पैशाचाही संबंध नसताना, इतका विचार केला होता की राखण्याची काहीतरी किंमत राखणाऱ्याने मोजली पाहिजे.

मग मी पोरांना वहीवर एक हिशेब करून दाखवला. दहा संघ, प्रत्येकी २००, म्हणजे खोलीत एकूण २००० डॉलर आणि तेवढ्याच मोलाचे खेळाडू. समजा प्रत्येकाने तीन स्वस्त खेळाडू राखले. त्या तीस जणांची कागदावरची किंमत ३००, पण खरी लायकी ७०० ची. आता खोलीत पैसा उरला १७००, आणि बाजारात माल उरला फक्त १३०० चा. १७०० भागिले १३००, म्हणजे साधारण १.३. जो खेळाडू एरवी ४० ला गेला असता तो आता ५२ ला जाणार. तो ५२ चा झाला, यात त्याचं कर्तृत्व नाही. दुसरीकडे तीस जण त्यांच्या लायकीपेक्षा कमी किमतीत बांधून ठेवले आहेत, त्यांची वाचलेली रक्कम याच्या अंगावर येऊन पडली आहे.

हे लिहून झालं आणि माझ्याच डोक्यात दुसरं एक नाव आलं. अमेरिकेतलं नव्हे, आपल्या नगर जिल्ह्यातलं.

अस्लम इनामदार. कबड्डी बघणाऱ्या वाचकाला ओळख करून द्यायला नको. २०२१ च्या डिसेंबरात प्रो कबड्डीचा आठवा हंगाम सुरू झाला, कोविडमुळे सगळे सामने बंगळूरुत. पुणेरी पलटणने त्या वेळी काही अनोळखी पोरं 'नवोदित' गटातून घेतली होती, त्यांत अस्लम आणि मोहित गोयत. हा गट लिलावाबाहेरचा. संघ थेट पोराशी करार करतो, बोली लागत नाही. हंगाम संपल्यावर संघाला त्याला राखता येतं. पलटणने राखलं.

आता २०२३ च्या ऑक्टोबरातली तीन तारखांची गोष्ट. ७ तारखेला हांगझोच्या आशियाई स्पर्धेत भारताने इराणला हरवून कबड्डीचं सुवर्ण परत मिळवलं. शेवटच्या चढाईवरून वाद झाला, खेळ बराच वेळ थांबला, मग ३३-२९. त्या बारा जणांत अस्लम होता. कर्णधार पवन सेहरावत. ९ आणि १० तारखेला मुंबईत प्रो कबड्डीचा लिलाव झाला. पवनवर तेलुगू टायटन्सने २ कोटी ६० लाख ५० हजार लावले. प्रत्येक संघाची थैली ५ कोटींची, म्हणजे निम्म्याहून जास्त पैसा एका माणसावर. हरलेल्या इराणी संघातला मोहम्मदरेझा शादलू पलटणने २ कोटी ३५ लाखांना घेतला. आमच्या घरात टीव्हीवर बातम्या चालल्या होत्या. अम्मी म्हणाली, "अपना अस्लम कितने में गया?" मी म्हटलं, तो गेलाच नाही. त्याचं नाव पुकारलंच नाही. तो राखलेला आहे.

पुढे काय झालं ते सर्वांना ठाऊक आहे. पलटण गुणतक्त्यात पहिली आली आणि १ मार्च २०२४ ला हैदराबादला हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून पहिल्यांदा विजेती झाली. कप उचलणारा कर्णधार अस्लम. हंगामाचा सर्वोत्तम खेळाडूही अस्लम. तेलुगू टायटन्स तक्त्यात शेवटचे. यात पवनचा दोष काढायचा नाही, एकट्या चढाईपटूने सात जणांचा संघ होत नाही एवढंच. पण कीपर लीगचं अख्खं गणित त्या तक्त्यात पहिल्या आणि शेवटच्या ओळीत लिहिलेलं होतं. जो संघ पोरं स्वस्तात ओळखतो आणि बांधून ठेवतो, तो जिंकतो. संघाचं कौतुकच आहे, त्यांनी ओळखलं.

माझा प्रश्न त्या पोराच्या बाजूने आहे.

आपल्याकडे आयपीएलच्या पहिल्या लिलावापासून, म्हणजे फेब्रुवारी २००८ पासून, एक वाक्य ऐकू येतं: माणसांचा लिलाव करतात, शोभतं का? तेव्हा मीही हेच म्हणायचो. श्रीरामपूरच्या झहीर खानवर बोली लागताना मला अवघडल्यासारखं झालं होतं. नंतर २००९ ला त्याची बंगळूरु-मुंबई अदलाबदल झाली, रॉबिन उथप्पा तिकडे आणि झहीर इकडे, तेव्हा तर गुरांच्या बाजाराची आठवण झाली. उपरण्याखाली बोटं दाबून सौदा करतात, त्या बाजाराची.

माझं मत आता बदललं आहे. लिलाव उघडा असतो. बोलीची रक्कम खेळाडूच्याच पगाराची असते, ती त्याच्या हातात जाते. हदीसमध्ये एका गरजू अन्सारी सहाबींची गोष्ट आहे. घरातली एक चादर आणि एक पेला एवढीच त्यांची मालमत्ता. प्रेषितांनी (स.) ती सर्वांसमोर धरून, कोण जास्त देतो असं विचारून दोन दिरहमांना विकून दिली आणि पैसे त्यांच्या हाती ठेवले. चढती बोली ही वाईट गोष्ट नाही. ज्याचा माल त्याला पूर्ण दाम मिळावा, म्हणून तर ती असते. नेप्तीच्या कांदा बाजारात आपला शेतकरी ढिगाशेजारी उभा असतो. बोली पटली नाही तर माल परत नेण्याची त्याला मुभा असते. परवडत नाही म्हणून बहुतेक वेळा नेत नाही, तो भाग वेगळा. पण उभा असतो. राखलेला खेळाडू ढिगाशेजारीही उभा नसतो. त्याच्या दामाचा प्रश्नच बंद खोलीत सुटतो आणि तिथे खरेदी करणारा एकच असतो.

म्हणून म्हणतो, नाव पुकारलं जाण्यापेक्षा न पुकारलं जाणं जास्त महागात पडतं. बातमीत २ कोटी ६० लाखांचा आकडा येतो आणि आपण म्हणतो, कबड्डीत केवढा पैसा आला! माझ्या वहीतलं १.३ आठवा. तो मथळा मोठा होण्यामागे बाजारातून काढून ठेवलेली नावंही आहेत.

दुसरी बाजू मी विसरलेलो नाही. राखलेल्या पोराला 'न विकला गेलेला' होण्याची भीती नसते. लिलावात नाव आलं, हातोडा पडला नाही, गावाने ते टीव्हीवर पाहिलं, हे दुःख लहान नसतं. एकाच संघात, एकाच प्रशिक्षकाकडे चार-पाच वर्षं राहिल्याने खेळ पक्का होतो, आणि अस्लम हे त्याचं उत्तम उदाहरण. पण ही सुरक्षितता कोणाच्या मर्जीवर आहे? राखायचं की सोडायचं हे संघ ठरवतो. आणि कबड्डी हा गुडघ्यांचा आणि खांद्यांचा खेळ आहे. नवव्या हंगामात २ कोटी २६ लाखांचा पवन पहिल्याच सामन्यात जखमी होऊन वर्षभर बाहेर बसला. २०२४ च्या हंगामात अस्लमलाही दुखापतीने अर्ध्यावर थांबावं लागलं. तो सावरला आणि २०२५ ला पलटणला पुन्हा अंतिम सामन्यात घेऊन गेला, ही अल्लाहची मेहरबानी. सगळेच सावरत नाहीत. ज्याच्या हातात कमावण्याची सहा-सात वर्षं आहेत, त्याची पहिली तीन वर्षं बोलीविना गेली तर ती परत येत नाहीत.

उपाय नाहीत असं नाही. २००८ च्या आयपीएलमध्ये पाच जणांना 'आयकॉन' म्हणून लिलावाबाहेर ठेवलं होतं: तेंडुलकर, गांगुली, द्रविड, सेहवाग, युवराज. त्यांच्यासाठी नियम होता की संघाने ज्याला सर्वात महाग घेतलं असेल, त्याच्यापेक्षा १५ टक्के जास्त रक्कम आयकॉनला द्यायची. म्हणजे लिलावाबाहेर ठेवलेल्याचा दाम लिलावाशी बांधलेला होता. हा नियम मोठ्या नावांसाठी केला, कारण मोठी नावं मागू शकत होती. तोच विचार, १५ टक्के जास्त नको, निदान काही ठरलेला हिस्सा म्हणून, नवोदितांना लावायला काय हरकत आहे? पलटणने शादलूला २ कोटी ३५ लाख मोजले, तर त्याच संघाच्या राखलेल्या कर्णधाराचा आकडा त्याच्याशी कुठल्यातरी दोरीने बांधलेला असावा. किंवा तीन हंगामांनंतर नाव पुकारलंच पाहिजे, असा नियम करा. संघाला तो हवाच असेल तर शेवटच्या बोलीइतकी रक्कम देऊन परत घेण्याचं कार्ड प्रो कबड्डीत आहेच. पारखणाऱ्याचा पहिला हक्क राहील आणि दामही बाजार ठरवेल.

एनबीएतही कंजूषपणा चालतोच. रीव्जचा २०२३ चा करार चार वर्षांसाठी सुमारे ५ कोटी ४० लाख डॉलरचा, आणि आज तो त्याच्या खेळाच्या मानाने स्वस्त समजला जातो. पण तिथे १९५४ पासून खेळाडूंची संघटना आहे. नवख्याचा पहिला करार किती वर्षांचा, नंतर तो केव्हा मोकळा, हे संघमालकांबरोबर बसून ठरवलेलं आणि छापलेलं असतं. आपल्या कबड्डीपटू पोराच्या पाठीशी असं कोण उभं असतं? बहुतेक वेळा एक प्रशिक्षक, आणि घरी एक आई जिला करारातली इंग्रजी वाचता येत नाही.

मार्च २०२४ मध्ये, पलटण जिंकली त्याच महिन्यात, पुरुषांची राष्ट्रीय कबड्डी स्पर्धा आपल्या वाडिया पार्कला झाली. मी दोन दिवस गेलो. आपल्या मोहल्ल्यातली कितीतरी मुलं वडिलांच्या खांद्यावर बसून बघत होती. त्यानंतर अस्लमचे फोटो सगळ्यांच्या स्टेटसला होते, माझ्याही होते. आपण अभिमान पटकन बाळगतो आणि कागद वाचायचा कंटाळा करतो. उद्या तुमच्या पोराला निवड चाचणीतून बोलावणं आलं, तर मिठाई वाटण्याआधी विचारा: करार किती हंगामांचा? पुढे राखण्याचा हक्क कोणाकडे, आणि राखल्यास रक्कम किती वाढेल? सरावात गुडघा गेला तर शस्त्रक्रियेचा खर्च कोण देणार, त्या हंगामाचे पैसे मिळणार का? करार घरी आणून एखाद्या वकिलाला किंवा हिशेब कळणाऱ्या माणसाला दाखवायला चार दिवस मागा. चार दिवस मागितले म्हणून चांगला संघ पोराला सोडत नाही.

आमच्या खोलीतला निकाल राहिलाच. मी वहीत लिहिलं: राखलेल्या खेळाडूची किंमत दर वर्षी पाच डॉलरने चढेल, आणि कोणालाही तीनदा राखल्यावर त्याचं नाव पुकारलं जाईल. रीव्जच्या मालकाने सही करायला अर्धा तास घेतला, खारीही खाल्ली नाही. त्या वर्षी रीव्ज सहाचा झाला, २०२५ ला अकराचा. ती त्याची तिसरी राखणी. येत्या ऑक्टोबरला तो खुल्या लिलावात येतो आहे. पाइपलाइन रोडच्या दोघांनी आत्तापासूनच आपल्या महागड्या खेळाडूंना सोडायचं ठरवलंय, असं भाचा सांगत होता. मालक म्हणतो, पन्नासपर्यंत जाईन.